नाव नव्याचं, वहिवाट जुन्याची

विश्वंभरराव सातोनकर कोणताही संगणक उघडण्याआधी त्याचा नकाशा काढत. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, शिसपेन आणि पितळी पट्टी एवढं त्यांना पुरे. पेटीची चौकट, वीजपुरवठ्याचा डबा, मुख्य बोर्ड, बोर्डावरच्या खाचा, कोणत्या खाचेत कोणतं कार्ड, सगळं प्रमाणात. मग एकेक स्क्रू काढायचा आणि नकाशावर तो जिथला असेल तिथं ठेवायचा. हे चाललेलं असताना खोलीतला पंखा बंद असे. संगणकाचा मालक घामानं भिजला तरी पंखा लागत नसे, कारण वाऱ्यानं कागद हलला तर स्क्रूंच्या जागा बदलतील.

ते सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक होते. परतूर आणि घनसावंगी तालुक्यांतल्या शेतजमिनी मोजण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर जालन्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत ते जुने संगणक दुरुस्त करू लागले. जुने म्हणजे दुकानदार ज्यांच्याकडं न बघता "फेका आता" म्हणतो असे. जमीन मोजायचे तेव्हा लोक त्यांना मोजणीसाहेब म्हणत. संगणक घेऊन येणारेही तेच म्हणायचे आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नसे.

आमच्या वर्तमानपत्राच्या जालना कार्यालयात एक जुना संगणक होता. जुन्या अंकांची पानं त्याच्यावरच उघडत. कुणीतरी उत्साहानं त्यात नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि मोठा पडदा जोडला. दुसऱ्या दिवशीपासून पडद्यावर सोळा रंग उरले, चित्रं फुगली आणि यंत्र अधूनमधून मान टाकू लागलं. सातोनकरांना बोलावलं. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, दाढेखाली लवंग. ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच विचारलं, "ह्या रानावर नावं किती?"

कुणाला कळलं नाही. त्यांनी मग समजावून सांगितलं. जुन्या बोर्डावर चित्र दाखवायची सोय मुळातच असते. वरून नवं कार्ड बसवलं की चित्र दाखवणारे दोघं होतात. प्रत्येकाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा. दोघंही एकाच पडद्यावर हक्क सांगतात.

"बांधाचं भांडण हाय हे," ते म्हणाले. "दोघं भाऊ म्हणतेत, रान माझंच. मधात पीक वाळून राह्यलं. तुमचा पडदा म्हणजे पीक."

त्यांचे दोन नियम होते. पहिला : जुन्याचं नाव कमी केल्याबिगर नव्याचं चढवायचं न्हाई. दुसरा : उभ्या पिकात मोजणी होत न्हाई. दुसऱ्या नियमाप्रमाणे ते यंत्र आधी 'सेफ मोड'मध्ये नेत. तिथं नेहमीचा थाट उतरलेला असतो आणि एरवी लपून राहिलेली नावंही यादीत दिसतात. आमच्या यंत्रावर तशी बरीच निघाली. पूर्वी कधीतरी बसवलेली आणि काढून टाकलेली कार्डं आपली नावं मागं ठेवून गेली होती.

"बघा," सातोनकर पडद्यावर पट्टी टेकवत म्हणाले, "हे मयत. हेबी मयत. हे तर गाव सोडून गेलेलं. आन् तिघंबी नाव लावून बसलेत. नव्या सुनेला उभं राहायला जागा कुठून भेटल?"

त्यांनी एकेक नाव कमी केलं. बोर्डावरची मूळ सोय यंत्राच्या आतल्या सेटिंगमधून बंद केली. मग आधी बोर्डाचा ड्रायव्हर, त्यानंतर नव्या कार्डाचा. क्रम उलटा झाला तर पुन्हा पहिल्यापासून, मधून सुरुवात नाही. आमचा एक सहकारी म्हणाला, "साहेब, थोडं जमवून घ्या ना, काम चालल्याशी मतलब." "जमवून घेतलेली हद्द पुढच्या पिढीत कोर्टात जाते," सातोनकर म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून लागले.

जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत. त्यांना लागणारं भंगार चहूकडून ट्रकांनी येतं आणि त्यात संगणकांच्या पेट्याही येतात. रफिकभाईंच्या भंगाराच्या वखारीत सातोनकरांची फेरी ठरलेली असे. ट्रक रिकामा होताना ते कडेला उभे राहत आणि हाताच्या इशाऱ्यानं एखादी पेटी बाजूला काढायला लावत. एकदा मीही सोबत होतो.

"साहेब, हे तुमच्यासाठी ठेवलंय," रफिकभाई एक चेपलेली पेटी पुढं सरकवत म्हणाले. "जल्दी बघा. न्हाई तर आज भट्टीत जाऊन राह्यलं होतं."

"गेलं असतं तर सळई झाली असती. कुणाच्या तरी स्लॅबात."

"मंग ते काय वाईट? घर उभं राह्यलं असतं."

"सळई व्हायला न्हाई म्हणत न्हाई मी. पण ह्याचं वय झालं का, ते आधी बघू द्या."

"साहेब, तुम्ही जमीन मोजायला आल्ते तव्हा लोक घाबरायचे. आता मी घाबरतो. तुम्ही आले की माझा अर्धा ढीग उलटा होतो बिलकुल."

"उलटा न्हाई. सुलटा करून राह्यलो."

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला आणि दोन चहा सांगितले.

सातोनकर गोड माणूस नव्हते. हे त्यांच्या पत्नीही सांगत. "आमच्या घरात पापड वाळत घातले तरी ह्यांना हद्द लागती," त्या म्हणायच्या. नोकरीतला एक प्रसंग ते स्वतः पुन्हा पुन्हा सांगत, आणि त्यात आपलं काही चुकलं असेल अशी शंका त्यांच्या आवाजात कधी डोकावली नाही.

आष्टीच्या शिवारात दोन चुलतभावांचा वाद होता. मोजणी झाली तेव्हा हद्दीची रेघ बैलगाडीच्या पायवाटेवरून गेली. ज्याची वाट तुटत होती तो शेतकरी म्हणाला, "साहेब, आज्यापासून ह्या वाटेनं बैल चाल्लेत. वहिवाट हाय आमची."

वहिवाट म्हणजे कागदावर नसलेला, पण वर्षानुवर्षांच्या वापरानं पडलेला हक्क. मोजणी करणाऱ्याचा तो विषय नाही, तो निवाडा दुसऱ्यांनी करायचा असतो. सातोनकर एवढंच सांगून थांबू शकले असते. ते म्हणाले, "बैलाला नकाशा वाचता येत न्हाई. मला येतो." आणि दगड वाटेच्या मधोमध रोवला.

नकाशाप्रमाणे तो दगड बरोबर होता. त्याविरुद्ध अर्ज झाला, पुन्हा मोजणी झाली आणि दगड जागचा हलला नाही. त्यानंतर आष्टीत त्यांना कुणी चहा विचारला नाही. "न विचारू द्या," ते म्हणत. "चहासाठी दगड सरकवायचा का?"

कुंभार पिंपळगावच्या उगलेबाईंचं काम मी त्यांच्याकडं नेलं, तेव्हा त्यांचा असा लौकिक होता.

लीलाबाई उगले जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नोकरीत असल्यापासून त्यांनी घनसावंगी तालुक्यातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या आणि एका जुन्या संगणकावर स्वतः टाईप करून ठेवल्या होत्या. ज्या प्रोग्राममध्ये त्या टाईप केल्या, तो जुन्या विंडोजवरच चाले. शिवाय त्याला मागच्या बाजूला एक कुलूप लावावं लागे. हे कुलूप म्हणजे बोटभर लांबीचा प्लग. तो बसवायची खाच नव्या संगणकांना नसते. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक बायका आता हयात नव्हत्या. बाईंना पुस्तक छापायचं होतं आणि छापण्याआधी एकदा सगळं स्वतः वाचून काढायचं होतं.

ते दुसऱ्यावर सोपवून पाहिलं होतं. त्यांचा भाचा संतोष, भावाचा मुलगा, संभाजीनगरला एका कार्यालयात नोकरीला. त्यानं थोड्या पानांचं नव्या फॉन्टमध्ये रूपांतर करून आणलं. जोडाक्षरं विस्कटली होती. ती दुरुस्त करायला दिली तर दुरुस्ती करणाऱ्यानं भाषाही दुरुस्त केली. बाईंनी ते पान मला दाखवलं. मुळात ओवी अशी होती :

पिंपळगावच्या बाजारी, बंधू माझा आल्ता काल
घेतली न्हाई चोळी त्यानं, इचारले माझे हाल

दुरुस्तीत 'आल्ता'चं 'आला होता' झालं होतं आणि 'न्हाई'चं 'नाही'.

"दळून बघा ह्याच्यावर," बाई म्हणाल्या. "जातं अडतंय का न्हाई?"

अडत होतं. म्हणून वाचायचं तर बाईंनीच. पण त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल, वाचायचं ते आत्ता वाचून घ्या. त्यातच यंत्राचा जुना छोटा पडदा जळाला. संतोषनं आत्यासाठी मोठा पडदा आणला आणि तो चालावा म्हणून एक जुनं ग्राफिक्स कार्ड मिळवून बसवलं. त्याचा हेतू चांगला होता. यंत्रानं मात्र आमच्या कार्यालयातल्यासारखीच मान टाकली.

सातोनकर पहिल्यांदा आले तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बाई, डोळ्याचा पडदा डॉक्टर बघील. हा पडदा माझ्याकडं."

नकाशा झाला, स्क्रू मांडले गेले. सेफ मोडमध्ये मयतांची नावं निघाली, ती कमी झाली. मूळ सोय बंद झाली. बाईंनी मध्येच ओव्या उघडून पाहिल्या. अक्षरं सुरेख दिसत होती. पण पडदा अजून सोळा रंगांच्या साध्या अवस्थेत होता. पानाचा एक कोपराच दिसे, ओवी अर्ध्यात कापली जाई आणि केलेली दुरुस्ती जतन करायचं बटण पडद्याच्या खाली कुठंतरी बुडालेलं असे.

"हे तर रिकामं रान हाय," सातोनकर म्हणाले. "नाव कुठं चढलंय अजून?" आणि त्यांनी नव्या कार्डाचा ड्रायव्हर बसवला.

पडदा उजळला. पूर्ण पान दिसू लागलं, रंग आले. एकही भांडण यादीत उरलं नाही. सातोनकरांनी पट्टी खिशात घातली. बाईंनी ओव्या उघडल्या आणि चेहरा पडद्याजवळ नेला.

"साहेब, शिरोरेघ कुठाय?"

शिरोरेघ गायब होती. काने सुटे उभे होते. 'न्हाई'तला अर्धा न एकीकडं आणि हाई दुसरीकडं. यंत्रात दोष नव्हता, कार्डात नव्हता, ड्रायव्हर योग्य होता, आणि अक्षरं मात्र मोडली होती.

पुढं ते बरेच दिवस चाललं. जालन्याहून एसटीनं सातोनकर यायचे, पिशवीत दुसरा ड्रायव्हर, कधी दुसरं कार्ड. प्रत्येक वेळी सगळी नावं कमी करून पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी पडदा निर्दोष आणि शिरोरेघ नाही. दरम्यान बाई भिंगातून जुन्या वह्या वाचायचा प्रयत्न करत आणि दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी येई.

संतोष सुट्टीला आला होता. "आत्या, सोड ना आता. काका, तुम्ही तरी सांगा. नवा लॅपटॉप आणतो मी. पुन्हा टाईप करून घेऊ कुणाकडून."

"कुणाकडून?" बाई म्हणाल्या. "आला होतावाल्याकडून?"

"अगं, ह्या वेळी नीट सांगू त्याला."

"माझा डोळा थांबणार हाय का, त्यानं नीट करस्तोवर?"

संतोष सातोनकरांकडं वळला. "काका, खरं सांगा. होईल का हे?"

"हद्द हाय म्हणजे सापडती," सातोनकर म्हणाले. "ज्याला सापडत न्हाई तो घाईत असतो." पण त्या दिवशी त्यांनी पेटी बंद केली नाही. तसेच उभे राहिले, पट्टी हातात.

तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? तुमचं रान रिकामं होतं तव्हा अक्षरं बराबर दिसायची. पुरी. पानाचा कोपराच होता, पण पुरी."

"ते रिकामं होतं. ते धरायचं न्हाई."

"का न्हाई धरायचं? मी वाचलंय त्याच्यात."

सातोनकरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. यंत्रासमोर बसलेले ते मी प्रथमच पाहत होतो. बाईंना नाही तर पडद्याला उद्देशून म्हणाले, "म्हंजे भांडण नावाचं न्हाई. वापराचं हाय."

जुन्या विंडोजमध्ये एक सरकपट्टी असते. चित्र काढायच्या कामातलं किती काम नव्या कार्डानं झपाट्यानं उरकायचं आणि किती यंत्रानं स्वतः सावकाश करायचं, ते तिच्यावरून ठरतं. उजवीकडं पूर्ण वेग, डावीकडं शून्य. सातोनकरांना ती ठाऊक होती. त्यांनी ती आजवर कुणाच्याही यंत्रावर डावीकडं नेली नव्हती. तसं करणाऱ्या दुकानदारांना ते नावं ठेवत. कार्ड बसवायचं आणि काम द्यायचं नाही, हे त्यांच्या मते जमीन विकत घेऊन पडीक टाकण्यासारखं होतं.

त्यांनी ती एक खूण डावीकडं नेली. ओव्या उघडल्या. काही शिरोरेघा परत आल्या. आणखी एक खूण. काने चिकटले. शेवटी पट्टी पार डाव्या टोकाला गेली. पान एकदम आलं नाही. वरून खाली, एकेक ओळ, हळूहळू उतरू लागलं, सारवल्यासारखं. पण मोठ्या पडद्यावर, पूर्ण पान, खालच्या बटणांसकट. 'न्हाई'तला न आणि ह एकमेकांना धरून होते.

"हे काय झालं काका?" संतोषनं विचारलं. "हळू झालं की."

"नाव नव्याचं," सातोनकर म्हणाले, "आन् वहिवाट जुन्याची." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आष्टीवाल्यांना सांगू नका."

बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. पान उतरत होतं आणि ओळ पूर्ण दिसायच्या आतच त्या ती म्हणत होत्या, कारण सगळं पाठ होतं. ते पाठ आहे म्हणून म्हणतायत की दिसतंय म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. सातोनकरांच्या तोंडावर तीच शंका होती. ते पुढं वाकले.

एका ओळीशी बाई अडखळल्या. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं, पुन्हा पाहिलं.

"बराबर दिसतंय का, बाई?"

"ही बगा. हितंबी 'इचारले' पाहिजे. मी 'विचारले' केलंय. दुसऱ्याला काय बोलू, माझ्यातली मास्तरीणच मधी आली." त्यांनी चाचपून कळ शोधली आणि अक्षर बदललं. "चूक दिसली, म्हणजे दिसतंय."

सातोनकरांनी स्क्रू लावायला घेतले.

डोळ्याआधी पानं संपली, हे मला नंतर संतोषकडून कळलं. सातोनकर गेल्याचं कळलं तेही त्याच्याचकडून. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बाईंच्या ओसरीवर. बाईंचा उजवा डोळा तोवर वाचनापुरता संपला होता, डाव्यावर उरलेली पानं चालली होती. रफिकभाईंच्या वखारीतून तसाच बोर्ड शोधून सातोनकरांनी एक दुसरं यंत्र जोडायला घेतलं होतं. पहिलं मध्येच बसलं तर बाईंचा एक दिवसही जाता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पेटी ओसरीच्या कडेला उघडी होती आणि ते सायकलच्या पंपानं तिच्यातली धूळ उडवत होते.

मी जवळ जाऊन विचारलं, "किती राहिलं?"

त्यांनी हातानं थांबायची खूण केली. आतून बाईंचा आवाज येऊ लागला होता.

"हळू बोला," सातोनकर म्हणाले. "आत दळण चालू हाय."

पंपाचा दांडा त्यांनी वर ओढून धरला होता. तो तसाच धरून, खाली न दाबता, ते ओवी संपायची वाट पाहत उभे राहिले.